परतीची वायर

सावद्याच्या नाक्यावर, वजनकाट्याच्या अंगाला,
पत्र्याच्या टपरीत जुम्मा तडवींनी
पहिल्या दिवशी हातात हॅलोजन दिला
आणि लगेच हातावर चापट.
"काचेला बोट नाही लावायचं.
बोटाचं तेल बसतं, तिथंच तापतं, तिथंच फुटतं."
मी नुकताच कळण्याची भाकर अन् भरीत खाऊन आलेलो.
बल्ब फडक्यात धरायला शिकलो.
मग फडकं धुवायला.

समोर केळीचं गोदाम, त्याच्या भिंतीवर
खडूची आडवी रेघ.
ट्रक पंचवीस फुटांवर उभा करायचा,
रिकामा नाही, भरलेला.
रिकाम्या गाडीवर बसवलेला उजेड
घड चढले की मान वर करतो,
रस्ता सोडून लिंबाचे शेंडे बघत जातो,
आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत
नुसता पांढरा जाळ.
"आपल्याला दिसतं तेवढं पुरत नाही,"
उस्ताद स्क्रू अर्धा आटा फिरवत म्हणायचे,
"दुसऱ्यालाही दिसू द्यावं."

निंबा कोळीची गाडी आली ती रात्र.
दिल्लीचा माल, चारच्या आत निघायचा.
"ब्रेक दाबला का इंडिकेटर मिणमिणतो,
इंडिकेटर दिला का टेल लॅम्प धाप टाकतो.
बल्ब तं कालच टाकेल आहे!"
बऱ्हाणपुरात एकानं बल्ब बदललेले,
मुक्ताईनगरात दुसऱ्यानं होल्डर,
तिसऱ्यानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार
पिळून ठेवलेली, जाड, निर्लज्ज.

उस्तादांनी बल्बाकडे पाहिलंच नाही.
टेस्टरचा चिमटा दातांत धरून
गोणपाटावर उताणे, गाडीच्या शेपटाखाली.
"करंट गेला का, ते सगळे बघतात," चेसिसखालून आवाज,
"परतला कुठून, ते बघ."

बॅटरीतून निघायला वायर असते.
परतायला गाडीचं लोखंडच.
त्या एका बोल्टाखाली गंज बसला
की करंट दारात उभा राहत नाही,
शेजारच्या दिव्यात शिरतो,
त्याच्या अंगणातून, त्याच्या मागच्या दारानं
घर गाठायला बघतो.
म्हणून तो परका दिवा मिणमिणतो.
त्याचा काही दोष नसतो.

पॉलिश पेपरनं घासलं, लोखंड पांढरं दिसेस्तोवर.
नवं आयलेट, बोल्ट कचकचून,
वर बोटभर व्हॅसलीन.
तांब्याची तार उकिरड्यात,
जागी दहाचा फ्यूज:
"हा मरायलाच बसवलेला असतो.
त्याला नाही मरू दिलं, तर गाडी पेटते."

मग मी मागे उभा, उस्ताद केबिनमध्ये.
"डावा?"
"आहे!"
"उजवा?"
"आहे!"
"ब्रेक?"
"दोन्ही!"
माझ्या शर्टावर, माझ्या दातांवर लाल उजेड,
आणि रिलेची टिकटिक, सावकाश, बिनघाईची.
एक बल्ब गेला असता
तर तिनं दुप्पट घाई केली असती.

"किती झाले?"
"पन्नास."
"त्या तिघांनी अकराशे घेतले!"
"त्यांनी सामान विकलं. मी गंज खरवडला.
गंजाचा काय भाव लावू?"

आता उस्ताद सुरतेला, पोराकडे.
फोन करतात, तब्येत विचारायच्या आधी विचारतात,
"रेघ आहे ना भिंतीवर?"
भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवलीय.
निळ्या अक्षरांवरून मी दर पोळ्याला
नवी रेघ मारतो, तेवढं सांगतो.
गाड्यांना आता एलईडीच्या बंद डब्या.
गेली की फेक, नवी लाव, म्हणतात.
मी आधी बोल्ट उघडून बघतो.

कधी रात्री ड्रायव्हर चहाला जातो,
हाताखाली पोरगं नसतं.
ब्रेकवर वीट ठेवतो,
गाडीला वळसा घालून मागे येतो.
"दोन्ही!" मोठ्यानं ओरडतो.
केबिनमध्ये वीट असते फक्त.