आश्रित: निरंक

अलकापुरीतल्या त्या ऑफिसात एसी फार.
मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला
आणि पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवलं:
पॅन, आधार, डेअरीच्या पेन्शनचं पत्र,
सहा मुदतठेवींच्या पावत्या, एका रबरात.

मुलगा तिशीचा असेल, नाव जिगर.
भराभर विचारत गेला.
लग्न?
नाही.
मुलं?
नाही.
कुणी अवलंबून? कर्ज? कुणाला जामीन?
नाही, नाही, नाही.
त्याचा चेहरा उजळत चालला.
"बहु सरस, बेन! तमारा जेवा स्पॉन्सर तो मळता ज नथी."

दांडियाबाजारातल्या झाडून साऱ्या मुंजी-लग्नांत
ज्यासाठी बायका माझ्याकडे मान कलती करून बघायच्या,
तेच.
तेहतीस वर्षं हिशेब लिहिले मी,
पण ही रक्कम जमेला धरतात
हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोठीजवळच्या नोटरीनं स्टँपवर टाइप केलं:
मी, कुमुद विश्वनाथ पागेदार, वय चौसष्ट,
अर्जदार गार्गी हिच्या वडिलांची सख्खी बहीण,
तिच्या शिक्षणाचा सर्व खर्च
नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी…
थांबा, म्हटलं, 'नैसर्गिक' काढता येईल का?
तो म्हणाला, फॉरमॅट आहे.

नैसर्गिक काही नव्हतं त्यात.
घराच्या कागदावरून दादानं माझं नाव उतरवलं
तेव्हापासून आम्ही दोघं
दिवाळीच्या डब्यांतूनच काय ते बोलतो.
डबे आणायची-न्यायची गार्गी.
वाटेत चकल्या मोडत, खड्डेच तसले.
तुकडे ती सुरसागरच्या कट्ट्यावर बसून खाऊन टाकायची
आणि अख्ख्या तेवढ्या
दोन्ही घरी मोजून द्यायची.
नऊ दिवाळ्या.
प्रेम जडलं असेल तर ते सायकलच्या कॅरियरवर.

पैसे खात्यात मुरले पाहिजेत, जिगर म्हणाला होता.
अठ्ठावीस दिवस हात लावायचा नाही.
मुरणं मला ठाऊक आहे,
बरणी सारखी उघडून बघायची नसते तेही.
तरी रोज सकाळी जाऊन पासबुक मशिनात सारायची.
नवी ओळ नसली की ते
तसंच कोरं माघारी येई.
सहांतली एक ठेव माझ्या गुडघ्यांची होती.
तो रकाना फॉर्मात नव्हता,
म्हणून लिहिलं नाही.

काल रात्री गार्गी माझ्या ओट्याशी उभी राहून
मुलाखतीची उत्तरं घोकत होती.
प्रश्न: तुझा खर्च आत्या का करतेय?
उत्तर: बिकॉज शी हॅज नो वन एल्स.
दोनदा म्हणाली नीट.
तिसऱ्यांदा माझ्याकडे लक्ष गेलं तिचं
आणि वाक्य मध्येच राहिलं.
मी म्हटलं, 'एल्स'वर जोर देऊ नकोस,
आणि पोळी उलटली.

आज बँकेत सही जुळेना.
त्यांच्याकडची चौऱ्याऐंशी सालची.
स्क्रीनवर दाखवली मला:
'द'चं शेपूट पार उजवीकडे नेऊन
तिथून उलटी रेघ मारणारी कुणी पंचविशीची कुमुद,
पुढे कागद भरपूर आहे अशा समजुतीत.
माझी हल्लीची सही मुंगीएवढी.
बाकावर बसले.
मोडलेल्या ठेवींच्या झेरॉक्सच्या पाठीवर
तिची नक्कल केली, सतरा वेळा.
रेघ थरथरे, नाहीतर अर्ध्यात अवसान जाई.

अठराव्यांदा हात सुटला.

काउंटरवरची मुलगी कागद फिरवून बघत म्हणाली,
"मासी, आ तो खानामांथी बहार जाय छे."

जाऊ दे, म्हटलं.