दोन मिलिसेकंद

ड्रेस्डेन, फेब्रुवारी. एल्बेच्या काठाला बर्फाचे पापुद्रे.
तिसऱ्या मजल्यावरचा हीटर एकाच बाजूने तापतो.
आमचा कर्नल सोवळ्यातला:
दहा हजार ओळी, कुणाचा हात लागायचा नाही.
निरोप पोचवतो, वेळ वाटून देतो, बस्स.
ड्रायव्हर सगळे उंबऱ्याबाहेर,
ज्याचं त्याचं पान वेगळं,
ज्याचं त्याचं मरण वेगळं.

रोसविथाने नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कोरा लिहिला.
कार्डवाली कंपनी केव्हाच बुडालेली;
मॅन्युअल म्हणजे एकशे बारा पानांची झेरॉक्स,
सदतिसावं गायब.
तरी बाराशे ओळी, एक उपरी नाही.

पहिल्याच रात्री तो एक्केचाळीस वेळा मेला
आणि एक्केचाळीस वेळा उठवला गेला.
कर्नलला सोयर ना सुतक.
कोपऱ्यातलं घड्याळ चालत राहिलं,
मेर्चिनचा बुद्धिबळाचा डावही अडला नाही.
फक्त लॉग वाढत गेला,
मेला, उठला, मेला, उठला,
आणि रोसविथाची कॉफी गार.

मेर्चिन म्हणाला, लिनक्सचा उसना आणू.
आणला. पण हा घरजावई!
टायमर त्याच्याच घरचे हवेत, कुलपं त्याचीच,
मेमरी मागायची तऱ्हाही त्याचीच.
त्याच्याभोवती आम्ही माहेराचा देखावा उभा केला,
चौदाशे ओळींचा, रंगवलेल्या भिंतींचा.
हेनिंगने सुचवलं, अख्खं लिनक्सच एका पेटीत बसवू.
"एका जावयासाठी सगळं वऱ्हाड?" रोसविथा.
शिवाय कार्डाचे हात लांब,
कुणाला न विचारता थेट मेमरीत लिहितं;
त्याच्या दारी पहारा बसवला:
एवढीच पानं तुझी.

देखाव्यातला जावई सुखाने नांदला.
एकदाही मेला नाही.
तेव्हा तिने त्याचा कोड उघडला,
बोट ठेवून, ओळ ओळ, बाहेर ट्राम बंद होईपर्यंत.
हजारेक ओळींनंतर
कुणा परक्याची टीप, खाली दोन अक्षरं आणि एक जुनं साल:

*इथे दोन मिलिसेकंद थांबा.
का, ते मला कळलेलं नाही.*

तिने स्वतःच्या बाराशे ओळींत
तेवढं थांबणं घातलं, टिपेसकट.
चौदा रात्री झाल्या. लॉग कोरा.

काल मी सहज पाहिलं,
टिपेखाली एक ओळ वाढली आहे:

*मलाही नाही. रो.*