डावीकडची जागा

डुलुथला एप्रिल म्हणजे पार्किंगच्या कोपऱ्यातला
काळा पडलेला बर्फाचा ढीग,
जायचं नाव न घेणारा.
माझंही तसंच. एकतीस वर्षं
पोरं पाहत हिंडतोय,
आयोवा, नेब्रास्का, दोन्ही डाकोटा.
मोटेलातल्या साबणाच्या वड्या साठवल्या असत्या
तर एव्हाना घर बांधून झालं असतं.

आज ड्राफ्ट. आमचा पाचवा क्रमांक.
मागच्या मोसमात तेरा सामने हरलो, त्याची ही बक्षिशी.
हरणाऱ्याला आधी निवडू देतात इथे,
जसं रडणाऱ्या पोराला आधी वाढतात.

भिंतीवर चुंबकाच्या पट्ट्या,
एकेका पट्टीवर एकेक पोरगा:
उंची, वजन, चाळीस यार्डांचा वेळ,
पंजा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात.
इथे गुडघा आधी तपासतात,
बाशिंग मग.

मालकाला हवा ॲश्बी. टेक्ससचा क्वार्टरबॅक,
साठ यार्डांवर चेंडू असा टाकतो
जसा आपण बोळा टोपलीत.
"हा पोरगा तिकिटं विकेल," मालक म्हणाला.
खोटं नाही.

मी म्हटलं, ओबर्ग घ्या.
कुणीतरी खोकलं.
ओबर्ग, डाव्या टोकाचा टॅकल,
ज्याच्या नावाची जर्सी कुठलंच पोर वाढदिवसाला मागणार नाही.
त्याच्या घरी गेलो तेव्हा उणे बावीस होतं.
आई नवं वासरू कवटाळून आत येत होती,
वाऱ्याने दार उखडायला घेतलेलं,
आणि हा पाठीने ते दार धरून उभा,
माझ्याशी हवापाण्याचं बोलत,
जणू सहज टेकलाय.
मी त्याचे पाय पाहिले.
बर्फावर इंचभर सरकले नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

मार्गोने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
सत्तावीस वर्षांची. आमचं कधी पटत नाही,
मी तिला मनातल्या मनात पंचांग म्हणतो.
"आकडेही हेच सांगतात, इर्विन.
आपल्याकडे ज्याच्या हातात चेंडू जातो
त्याला मिळतात सव्वादोन सेकंद."
सव्वादोन सेकंदांत
माणूस शिंकतो फार तर.
आधी आडोसा करा, मी म्हटलं, दिवा मग लावा.

घड्याळावर दहा मिनिटं असतात.
नऊ आम्ही भांडण्यात घालवली.
उरलेलं एक मालक खिडकीशी उभा होता,
स्टेडियमच्या रिकाम्या खुर्च्या बघत.
त्या खुर्च्याही खऱ्या आहेत, कबूल करतो.
मग त्याने पट्टी उचलली.

टीव्हीवर ॲश्बी मंचावर आला,
टोपी घातली, आईच्या गळ्यात पडला, रडला.
एकवीस वर्षांचा. दाढी अजून धड एकसारखी नाही.
खोलीत टाळ्या. मीही वाजवल्या,
आणि पाहत राहिलो त्याच्या डाव्या खांद्यामागे,
जिथलं त्याला स्वतःला कधी दिसणार नाही,
जिथून सप्टेंबरात
कुणीतरी एकशे वीस किलोंचा धावत येईल.
तिथे आत्ता मंचाचा निळा पडदा हलत होता.

ओबर्ग अकराव्याला गेला, दुसऱ्यांकडे.
बरं झालं.
त्याची आई आता दार नवं बसवेल.

रात्री दीडला मार्गो दोन कॉफ्या घेऊन आली,
माझ्यात साखर, डॉक्टरांना न विचारता.
"उद्या सदतिसावा क्रमांक," ती म्हणाली,
"टॅकल कोण उरलेत?"
मी वही उघडली.
एक आहे मोंटानाचा. हात आखूड,
कुणी विचारत नाही.
"आणि पाय?"

बस, म्हटलं, सांगतो.