तिथीची पाऊणपट

‘उष्णकटिबंध’ हा शब्द मला सहावीत भेटला,
दोन मार्कांना.
कर्क ते मकर, पिवळा पट्टा.
मी तो रंगवत होते तेव्हा कुणी सांगितलं नाही
की वाशी नाक्याची आमची खोली, तिच्यातला खडखडणारा पंखा,
आईच्या पाठीवरचं घामोळं,
सगळं त्याच पट्ट्यात येतं.

एमएस्सीला पुस्तक लागलं ते पनामाच्या जंगलाचं.
लिहिणारे बर्फाच्या गावांतून आलेले.
प्रस्तावनेत दीड पान डासांबद्दल.
ऋजुता उट्रेक्टला गेली. फोनवर म्हणाली,
इथे माझा विषय काचेच्या घरात ठेवलाय,
अठ्ठावीस डिग्रीवर, बघायला नऊ युरो.
मी म्हटलं, माझा माहुलला.
रिक्षाचे चाळीस रुपये, पुढे चिखल.

चौकट माझी मीच केली:
एक मीटर बाय एक मीटर,
प्लंबरकडून कापून आणलेला पांढरा पाइप.
ती चिखलावर ठेवायची
आणि जेवढं आत येईल तेवढं जग मोजायचं.

बंदराच्या पायरीवर धर्मीबाय वैती कालवं फोडत बसलेली.
“आज बीज. दोनाची पाऊणपट दीड.
दीडला भरती, म्हंजे साडेसाताला पानी तळाला.
जा आता, थांबू नको.”
माझ्या मोबाइलवर सात अडतीस.
आठ मिनिटांचा फरक मी वहीत टिपून ठेवला.
चूक कुणाची, ते लिहिलं नाही.

मेनेझिस सरांचा नियम असा, की
डाव्या रेघेवरचं धरायचं, उजव्या रेघेवरचं सोडायचं,
नाहीतर एकच खेकडा दोनदा मोजला जातो.
हे मी धर्मीबायला समजावून सांगितलं.
ती म्हणाली, “आनि खेकड्याला ठावं हाय का?”

चौकट क्रमांक अकरा.
मार्चमध्ये: तिवराची रोपं चौदा,
निवट्या सहा,
श्वासमुळं दोनशे तीन
(दोनदा मोजली. दुसऱ्यांदा दोनशे एक आली).
आज तिथे ट्रकभर भिंती आहेत.
कुणाचा तरी स्विचबोर्ड, अर्धा कमोड,
मोरीच्या निळ्या फरश्या, कोपऱ्यात शंख काढलेल्या.
असल्याच फरश्या कदमांच्या मोरीत होत्या,
त्यांची चाळ दिवाळीनंतर पाडली.
आमचीही पाडतील.
आई अकरा वर्षं त्या दिवसाची वाट बघतेय,
तिला स्वतःचा संडास हवाय, दार आतून लागणारा.
मग आमची मोरीसुद्धा
रात्री दोनला कुठल्यातरी खाजणात जाऊन पडेल
आणि कुणीतरी मुलगी चौकट घेऊन तिच्यासमोर उभी राहील.
तिला मी काय सांगू?

पाइप विटांवर टेकत नव्हता, एक कोपरा अधांतरी.
तरी ठेवला.
रिकामा रकाना म्हणजे पाहिलं नाही, सर म्हणतात.
शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.
या दोन्हींत फरक आहे
आणि तो करायला तिथे जावं लागतं,
ज्याचं घर रिक्षाच्या अंतरावर आहे त्याला तर
न जाण्याचं कारणही देता येत नाही.

रोपं: शून्य.
श्वासमुळं: शून्य.
निवट्या

इथे पेन्सिल थांबली.
निळ्या फरशीच्या खळग्यात ओंजळभर पाणी उरलेलं,
त्याच्या काठावर एक,
डोळे डोक्यावर घेऊन बसलेली,
गाल पाण्याने फुगलेले,
अगदी उजव्या रेघेवर.

मागून हाक आली, पानी फिरला गो.
माझ्या घोट्यांना ते आधीच कळलं होतं.

नियमाप्रमाणे मी ती सोडली.
निवट्या: शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात तिची जागा लिहिली, वेळ लिहिली,
आणि फरशीचा रंग.