ऑस्त्राचा चुका

पाने द्यायची ती. टोपलीभर,
जून संपेपर्यंत, तळहाताएवढी रुंद.
मुळाचा तुकडा मात्र कधी नाही.
"जात आमची आहे, झेंटा," म्हणायची,
"आजेसासूने आणलेली. कुंपण ओलांडत नाही ती."

आमच्या वाफ्यातला चुका
मे सरायच्या आत तुऱ्यावर,
पाने आखूड, चिवट, जिभेला नुसती करवत.
मग तिचीच पाने चिरायची मी,
जवाच्या कण्यांत शिजवायची,
वर उकडलेले अंडे, चमचाभर आंबट साय.
एनॅमलच्या पातेल्यात. लोखंडात चुका काळवंडतो.
इल्मार दोन वाट्या प्यायचा
आणि म्हणायचा, ऑस्त्राचा हात आहे हं याला.

ती गेली फेब्रुवारीत.
लाटगालेची जमीन दगड झालेली,
कबर खणायला दोन दिवस लागले.
ग्विदोने आयर्लंडहून फोनवरच घर विकले.
नव्या माणसांना हिरवळ हवी होती,
एकसारखी, कापलेली.

एप्रिलात, बर्फ कोठाराच्या सावलीपुरता उरला तेव्हा
फावडे घेऊन मी कुंपण ओलांडले,
त्र्याहत्तराव्या वर्षी, झोपायच्या झग्यावर कोट चढवून.
गड्डा निघता निघेना.
चार तुकडे केले, प्रत्येकाला एक कोंब,
दोन-दोन वितींवर लावले. राख घातली नाही,
चुक्याला आंबटच माती लागते.
हे तीच एकदा चुकून बोलून गेली होती.

आणि मे सरायच्या आत
तुरा आला. तांबूस, उंच, निर्लज्ज.

बघतच राहिले.
मग आठवले: रोज पहाटे, धारेच्या आधी,
ती वाफ्यावर ओणवी दिसायची.
मला वाटे, गुडघे धरलेत,
नाहीतर देवाचे काही पुटपुटते.
आणि डुकराच्या बादलीत
तांबूस देठांची जुडी.
अठ्ठावीस वर्षे ती जुडी पाहिली मी.
विचारले नाही.

जात तीच होती. आमच्याकडेही तीच.

आता मीही कात्री घेऊन ओणवते, उजाडायच्या आत.
जुलै लागला तरी पाने येताहेत,
बरण्या भरल्या मीठ घालून, अकरा.

काल नव्या घरातली पोर कुंपणाशी आली, पार्स्ला.
"आजी, केवढी पाने! एक मूळ द्याल?"
टोपली भरून पाने दिली तिला.
मुळाचे सांगायला तोंड उघडले,
कात्री खिशातच होती,
आणि म्हणाले,
"जात आमची आहे, बाळ."