चाटण

तीस किलो खडेमीठ, दहा किलो क्षारमिश्रण,
गुळाची एक ढेप, फुटकी,
राधानगरीच्या बाजारात कुणी घेईना म्हणून स्वस्तात मिळालेली.
पावती माझ्या नावावर. पाठ भागोजी लांबोरची.

गाडी नाक्यापर्यंतच. पुढे दोन तास चढ,
आधी कारवीतून, मग सड्यावरून,
जिथे जांभा बुटातूनही चटके देतो.
भागोजी एकदाच थांबला, पोतं न उतरवता,
ऐनाला पाठ टेकून, उभ्या उभ्या.

"हितं मीठ कशाला लागतंय, ठावं हाय मॅडम?
चार म्हैनं पाऊस धुतोय, आठ म्हैनं डोंगुर अळणी.
पाला अळणी. झऱ्याचं पाणीबी अळणी.
सांबराला शिंगं फुटायची म्हंजे
काय नुसत्या गवतावर व्हतंय?"

मी शिरोळची.
आमच्याकडे मीठ आपण होऊन वर येतं.
उसाला पाणी पाजून पाजून
वडिलांच्या खालच्या पट्टीत ते असं फुललं
की लांबून वाटायचं, भर दुपारी चांदणं पडलंय.
आई ओरडायची, अनवाणी जाऊ नका तिकडं.
जिल्हा एकच.
त्या टोकाला मातीला मीठ सोसेना,
या टोकाला मी ते पाठीवर वाहून आणतेय.
पाठीवर म्हणजे, सांगितलंच आधी, कुणाच्या.

नकाशावर मी जागा ठरवली होती, ओढ्याच्या वळणाला.
भागोजी तिथून सरळ पुढे गेला
आणि एका म्हाताऱ्या जांभळाखाली पोतं टाकलं.
खाली खळगा, जिभांनी गुळगुळीत केलेला.
वर, दोन पुरुष उंचीवर, खोडात चार खिळे,
सालीनं जवळजवळ गिळलेले.

"माचाण व्हतं. आज्जा दिवाळीपास्नं मीठ टाकायचा हितं.
चार म्हैनं कोण बार काढायचं न्हाई. जनावर सवकू द्यायचं.
मग सरकारस्वारी यायची, चांदण्या राती."
तंबाखू मळत राहिला.
"आज्जानं संस्थानचं मीठ खाल्लं, त्येला जागला.
सांबरानंबी त्येच खाल्लं.
त्येबी जागलं. बरुबर आलं."

मी म्हटलं, जागा बदलू.
"तुमी बदलचिला. त्यांच्या पायाला कोण सांगणार?
मीठ बंद हून साठ-सत्तर वर्सं झाली.
नुस्ती माती चाटत्यात अजून."

मग आम्ही चाळलेल्या मातीत मीठ कालवलं,
गूळ फोडला, हातानं थापलं, शेण थापतात तसं.
कॅमेरा बांधायला दुसरं झाड नव्हतं.
खिळ्यांच्या खाली पट्टा आवळताना
मी खळग्याकडे वरून पाहिलं
आणि नजर बरोबर तिथंच जाते, हे कळलं.
नोंदवहीत उद्देश लिहिला: क्षारपूर्ती.

बारा दिवसांनी कार्ड काढलं. चारशे बारा फोटो.
बरेचसे हलणाऱ्या गवताचे.
साळिंदर. भेकर, अर्धवट, मागून.
नवव्या रात्री दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी
सांबराची मादी, पोटुशी असावी, कडेला उभी.
पुढच्या फोटोत उभी. त्याच्या पुढच्यात उभी.
चाळीस मिनिटं ती खळग्याकडे बघतच नाही,
वर बघते, झाडाकडे.
सव्वातीननंतर केव्हातरी मान खाली.
डोळ्यांचे दोन ठिपके विझलेले, जीभ बाहेर.

आणि शेवटचा, अकराव्या दिवशीचा, पहाटेचा.
भागोजी. त्या दिवशी त्याची फेरी तिकडे नव्हती.
टोपी काढून गुडघ्यावर बसलाय,
बोट तोंडात.

अहवालात प्रजातींचा रकाना असतो.
मी सांबर लिहिलं, भेकर लिहिलं, साळिंदर.
खाली ओळ मोकळी होती, तशीच ठेवली.
त्याला विचारलं नाही.
पुढच्या मागणीपत्रात मीठ चाळीस किलो केलं,
आणि एक पोतं मी घेईन, म्हटलं.
"घ्या की," म्हणाला. "लई वजन असतंय त्येला."