रिकामे किलो

सोहारच्या बंदरामागे, फलजच्या रस्त्याला
आमचा कॅम्प होता तिथे आता टायरचं गोदाम आहे.
तक्रार नाही. टायर कुठेतरी ठेवावेच लागतात.

मी शोधतोय ते पान
लियाकत मुकादमनं शुक्रवारच्या दुपारी,
नमाजनंतर, बिर्याणीच्या सुस्तीत,
कॅफेत तासाला चारशे बैसा मोजून बनवलेलं,
फुकटच्या जागेवर.
फुकट म्हणजे वर जाहिरात नाचायची,
खाली आम्ही.

पानावर एवढंच :
कोण कधी गावाला निघालाय
आणि कुणाच्या बॅगेत किती किलो रिकामे.

जागा देणाऱ्या कंपनीनं एका रात्री दिवे मालवले.
आम्हाला कळलंही नाही.
तोवर ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला होता
आणि दुसऱ्याकडे किलो मागायची लाज वाटू लागली होती.

जुनी पानं साठवणाऱ्या कुठल्याशा यंत्रानं
तीन रात्री तेवढ्या टिपल्यात. नोव्हेंबर, दोन हजार तीन.
जाहिरात शाबूत : कर्ज घ्या, हसरी बाई.
लियाकतनं हौसेनं लावलेल्या होडीच्या फोटोजागी
चौकट, चौकटीत लाल फुली.
आणि मजकूर म्हणजे
टोप्या घातलेले ए, शेपटीवाले सी,
मध्येच पौंडाची खूण.
फाँट तेव्हाचा, फ्लॉपीवरून खोलीखोलीत फिरायचा.
ज्याच्याकडे तो नाही
त्याला आमचं मराठी म्हणजे जमिनीवर सांडलेले खिळे.
आकडे मात्र धडधाकट : १४, ६, २१, ०.

चार शनिवार बसलो.
हा क. हा बहुतेक ण.
ळ सापडला ‘येताना फणसपोळी आणणे’मध्ये,
तेव्हा एकटाच हसलो.
वेलांटी तेवढी ऐकेना.
त्या काळी ती अक्षराआधी टंकायची, आता मागून;
म्हणून प्रत्येक किलो फुटलेला :
वेलांटी दारात, बॅग हातात,
क अजून आत पासपोर्ट शोधतोय.

एकेक हाताला धरून जागेवर बसवली.

तोडणकर, १४ तारीख, सहा किलो.
शिगवण, २८, दोनच. बहिणीचं लग्न आहे, रागावू नये.
अन्वर काझी, जागा नाही, पाकीट नेईन.
त्याखाली मी :
शिलाई मशीनची मोटर, तीन किलो, जपून न्यायची आहे.
कुणी नेईल का?

नेली होती. तोडणकरनं.
निदान मी तसंच धरून चाललो,
आणि वीस वर्षं दर मे महिन्यात
त्याच्या घरी आंब्याची पेटी जाते.
त्यानंही कधी नको म्हटलं नाही.

लियाकतला हर्णैला फोन लावला.
मागे मासळीचा लिलाव, आरडाओरड.
पासवर्ड? अरे, बायकोचा वाढदिवस आठवत नाही मला!
मग जरा थांबून :
तुझी मोटर गळकी होती रे.
ईदच्या फ्रॉकला तेल लागलं पोरीच्या.
चण्याचं पीठ चोळलं, डाग काही गेला नाही.
तरी तोच घालून मिरवली दिवसभर.

मी काही बोलायच्या आत
पलीकडे सुरमईचा भाव फुटला,
तो म्हणाला ठेवतो.

तिसऱ्या रात्रीचं पान पुन्हा उघडलं.
सगळ्यात खाली त्याची ओळ :
लियाकत मुकादम, २१ तारीख, ईदला, रिकामे किलो ०.

पहिल्या दिवसापासून वाचता येत होतं ते,
फाँट नसतानाही.
मला वाटलं, यानं आपली बॅग आपल्याच सामानानं भरली.

बाहेर गोदामात कुणी टायर रचतंय,
एकावर एक, मधून आरपार दिसणारे.
आंब्यांचं काय करायचं
ते अजून ठरत नाही.